पडदे अनेक, माप एक : मोबाईलच्या पडद्यावरील मराठी अक्षर

आपल्या म्हसळा तालुक्यातील कितीतरी कुटुंबांतील कर्ती माणसे मुंबईस किंवा आखाती देशांत नोकरीस आहेत. गावी राहिलेल्या वडीलधाऱ्यांना एखादा सरकारी अर्ज मोबाईलवरून भरावयाचा झाला, की दूर असलेला मुलगा फोनवरूनच वाट दाखवू लागतो. “खाली उजव्या बाजूला निळं बटण आहे ना, ते दाबा.” इकडून उत्तर जाते, “अरे, इथं निळं काही दिसतच नाही.” मुलाला वाटते, वडिलांना नीट पाहता येत नाही. वडिलांना वाटते, हे यंत्र आपल्यासाठी नव्हेच. खरे पाहता दोघेही खरे बोलत असतात. अ‍ॅप एकच असले, तरी दोघांच्या हातांतील पडदे वेगळे असतात. आणि एका पडद्यावर जे बटण अंगठ्याखाली येते, ते दुसऱ्या पडद्यावर खाली ढकलले जाऊन दृष्टीआड झालेले असते.

हा विषय संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा. कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. पण १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या शेतातील पिकाची नोंद स्वतःच्या मोबाईलवरून करू लागला, आणि ती नोंद गाव नमुना बारामध्ये जाऊ लागली. पूर्वी तलाठ्याच्या दप्तरात असलेला सातबारा आता तळहाताएवढ्या काचेवर आला आहे. निवृत्तिवेतन, शिधापत्रिका, बँकेचा व्यवहार, महाविद्यालयाचा प्रवेशअर्ज या सर्वांची वाट त्याच काचेतून जाते. तेव्हा त्या काचेवरील मराठी मजकूर कोणाला वाचता येतो आणि कोणाला येत नाही, हा प्रश्न जितका यंत्राचा तितकाच भाषेचा व समाजाचाही आहे.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा थोडक्यात सांगायचा तर असा : पडद्यावर ठिपके किती, हे यंत्राचे माप आहे, अक्षर केवढे आणि बटण केवढे, हे माणसाचे माप आहे. अ‍ॅप माणसाच्या मापाने बांधले पाहिजे, आणि ते मराठी माणसासाठी असेल तर ते माप मराठी अक्षराकडून घेतले पाहिजे.

ठिपक्यांची रांगोळी

मोबाईलचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची एक मोठी रांगोळीच होय. या ठिपक्याला ‘पिक्सेल’ म्हणतात. प्रत्येक ठिपका हवा त्या रंगाने उजळता येतो, आणि अशा लक्षावधी ठिपक्यांतून अक्षर, चित्र, बटण असे सर्व काही तयार होते.

आता असे पाहा. ‘सात ठिपके, सात ओळी’ एवढे सांगितल्याने रांगोळी केवढी होईल हे कळते काय? ठिपक्यांत वीतभर अंतर ठेवले, तर तीच रांगोळी अंगण व्यापते. बोटाच्या पेराएवढे ठेवले, तर ती पाटाखाली मावते. नक्षी तीच, ठिपके तेवढेच, पण आकार निराळा. कारण आकार ठरतो तो ठिपक्यांच्या संख्येवर नव्हे, तर ठिपके किती दाट मांडले आहेत यावर.

पडद्याच्या बाबतीत या दाटपणाला घनता म्हणतात. एका इंचाच्या लांबीत किती ठिपके बसतात, त्या संख्येने ती मोजतात. ती काढण्यास शाळेतील पायथागोरसचा सिद्धान्त पुरेसा आहे. पडद्याच्या रुंदीतील ठिपके व उंचीतील ठिपके यांच्या वर्गांची बेरीज करावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि पडद्याच्या कर्णाच्या इंचांनी त्यास भागावे.

उदाहरणादाखल तीन फोन घेऊ. पहिला जुना, ४ इंची. त्याच्या पडद्यावर ४८० × ८०० ठिपके आहेत. त्याची घनता येते सुमारे २३३. दुसरा अलीकडचा, स्वस्तातील, ६.५ इंची, ठिपके ७२० × १६००. त्याची घनता सुमारे २७०. तिसराही ६.५ इंचीच, पण महाग. ठिपके १०८० × २४००. त्याची घनता सुमारे ४०५.

समजा, अ‍ॅप तयार करणाऱ्याने एक बटण ‘१०० ठिपके रुंद’ असे आखले. पहिल्या फोनवर ते सुमारे ११ मिलिमीटर रुंद दिसेल, दुसऱ्यावर सुमारे साडेनऊ, आणि तिसऱ्यावर जेमतेम सव्वासहा मिलिमीटर. अक्षराचेही तसेच. १६ ठिपके उंचीची ओळ पहिल्या फोनवर पावणेदोन मिलिमीटर उंच भरते, तर तिसऱ्यावर केवळ एक मिलिमीटर. म्हणजे ज्याने अधिक पैसे मोजून अधिक ठिपक्यांचा फोन घेतला, त्याच्याच वाट्याला मुंगीएवढी अक्षरे आली. उलट टोकास २०१७ मध्ये बाजारात आलेला, बोटांनी कळा दाबून चालणारा जिओफोन घ्या. त्याच्या २.४ इंची पडद्याच्या रुंदीत ठिपकेच अवघे २४०. तेथे १०० ठिपक्यांच्या बटणाने पडद्याची दोन-पंचमांशाहून अधिक रुंदी अडवली असती.

ही अडचण काल्पनिक नव्हे. २००७ मधील पहिल्या आयफोनचा पडदा साडेतीन इंची होता, त्यावर ३२० × ४८० ठिपके होते आणि घनता होती १६३. २०१० मध्ये आयफोन ४ आला; त्याचा पडदा तेवढाच, पण ठिपके ६४० × ९६० आणि घनता ३२६. एका ठिपक्याच्या जागी चार ठिपके आले. जुनी अ‍ॅपे ठिपक्यांच्या हिशेबानेच दाखवली असती, तर ती पडद्याच्या चौथ्या हिश्शात आक्रसून बसली असती. तसे झाले नाही, कारण आखणीचे माप ठिपक्यांपासून वेगळे करण्यात आले होते. ते माप कोणते, ते आता पाहू.

काठी ठरवावी लागते

मोजणीचा असाच घोटाळा आपल्या समाजाने जमिनीच्या बाबतीत अनुभवला आहे. ‘वीस काठ्या जमीन’ म्हटले, की पहिला प्रश्न येतो : काठी कोणाची? काठी लहान-मोठी असेल, तर वीस या आकड्याला अर्थ राहत नाही. म्हणून शिवकाळात काठीचे मापच ठरवून देण्यात आले. पाच हात व पाच मुठी लांबीची एक काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर, असे हे कोष्टक सभासदाच्या बखरीत आलेले आहे. पुढे ब्रिटिश अमदानीतील मोजणीतून आलेला गुंठा आजही आपल्या तोंडी आहे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, मग तो म्हसळ्यात असो की माणगावात.

अँड्रॉइड फोनसाठी अशीच एक काठी ठरवण्यात आली. तिचे नाव ‘डीपी’. आपल्याकडे डीपी म्हटले, की कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवरील छबी आठवते, तर कोणाला गावाच्या वेशीवरील विजेचा डबा! येथे मात्र डीपी म्हणजे घनतेवर अवलंबून नसलेला, मानीव ठिपका. ज्या पडद्यावर इंचात १६० ठिपके आहेत, त्यावरील एका ठिपक्याएवढे अंतर म्हणजे एक डीपी, असे मानले आहे. १६० हीच संख्या घेण्याचे कारण ऐतिहासिक आहे. २००८ मध्ये आलेला पहिला अँड्रॉइड फोन याच गटात धरला गेला होता.

हिशेब सोपा आहे. फोनची घनता भागिले १६०, गुणिले डीपी, म्हणजे प्रत्यक्ष ठिपके. फोननिर्माते घनता बहुधा ठरावीक गटांत बसवतात. १२०, १६०, २४०, ३२०, ४८० व ६४० हे मुख्य गट; त्यांचे गुणक अनुक्रमे पाऊण, एक, दीड, दोन, तीन व चार. आपला पहिला फोन २४० च्या गटात, दुसरा ३२० च्या आणि तिसरा ४८० च्या गटात बसवला आहे, असे धरू. आता ४८ डीपीचे बटण आखले, तर फोन स्वतःच हिशेब करून त्यास अनुक्रमे ७२, ९६ व १४४ ठिपके देईल. प्रत्यक्ष मोजले, तर पहिल्या फोनवर ते बटण ८ मिलिमीटरच्या किंचित आत भरेल, आणि दुसऱ्या व तिसऱ्या दोन्ही फोनांवर ९ मिलिमीटर. ठिपके वेगळे, पण बोटाला लागणारी जागा जवळजवळ सारखी. बोटाने दाबावयाची कोणतीही जागा ४८ डीपीपेक्षा लहान असू नये, ही अँड्रॉइडची शिफारस याच विचाराने केलेली आहे. कारण फोन कितीही सुधारला, तरी माणसाचे बोट आहे तेवढेच राहिले आहे.

‘जवळजवळ’ हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. पडद्याची खरी घनता व तो ज्या गटात बसवला आहे ती घनता यांत फरक असतो. म्हणून डीपी हे फूटपट्टीवरील मिलिमीटरइतके काटेकोर माप नव्हे. परंतु व्यवहाराला ते पुरते.

काठी ठरली, तरी शेत लहान-मोठे असतेच. पहिल्या फोनचा पडदा ३२० डीपी रुंद आहे. दुसरा व तिसरा दोन्ही ३६० डीपी रुंद. एखाद्याने शेजारी-शेजारी दोन चौकटी आखून ३६० डीपीची सर्व रुंदी वापरली, तर ३२० च्या पडद्यावर ४० डीपी कमी पडणारच. मग चौकट चिंचोळी होते, मजकूर दुसऱ्या ओळीवर जातो, त्याखालील सर्व काही खाली सरकते आणि शेवटचे बटण पडद्याबाहेर जाते. ‘खाली उजवीकडील निळे बटण’ हरवते ते असे. म्हणून कोणाला फोनवरून मार्ग दाखवताना जागा किंवा रंग न सांगता बटणावरील शब्द सांगावा आणि ‘दिसत नसेल तर बोटाने वर सरकवा’ असे म्हणावे. जागा पडद्यागणिक बदलते. शब्द, निदान नीट लिहिला असेल तर, बदलत नाही.

चित्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ठिपक्यांनी साठवलेले ४८ × ४८ चे चिन्ह तिप्पट घनतेच्या पडद्यावर १४४ × १४४ मध्ये ताणले, तर एकेक ठिपक्याचे नऊ होतात आणि चिन्ह धुरकट दिसते. यावर दोन उपाय. एक, तेच चिन्ह ४८, ७२, ९६, १४४ व १९२ ठिपक्यांत वेगवेगळे करून ठेवणे. दुसरा, ठिपके न साठवता कृती साठवणे : ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ ओढा, मग अर्धवर्तुळ काढा.’ कृती ठाऊक असलेली बाई लहान-मोठ्या कोणत्याही अंगणात रांगोळी काढू शकते, तसेच हे. आजकालची अक्षरवळणेही अशा कृतींच्या रूपानेच फोनमध्ये साठवलेली असतात. मग अक्षराला अडचण ती कोणती? ती पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

देवनागरीचे तीन मजले

छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापला जात होता, त्या काळी प्रत्येक मापाचा टाईप स्वतंत्र कोरावा लागे. बारा पॉइंटाचे अक्षर कितीही सुंदर असले, तरी त्याच कोरणीवरून सहा पॉइंटाचे अक्षर मिळत नसे. ही सक्ती कष्टाची होती, पण तिच्यात एक शहाणपण होते. लहान अक्षर कोरताना कारागीर ते नुसते लहान करीत नसे. त्याच्या पोटातील मोकळी जागा तो प्रमाणाने अधिक ठेवी, बारीक रेषा किंचित जाड करी, अक्षरांत थोडे अधिक अंतर राखी. कारण शाई पसरून ‘म’ व ‘भ’ यांतील, ‘घ’ व ‘ध’ यांतील फरक बुजू नये. मुंबईत जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या हातून तेथील टाईप घडले, आणि त्यांच्या सुबकपणाची कीर्ती देशभर पसरली. देवनागरी मुद्राक्षरांचा हा सर्व प्रवास बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथात नोंदवून ठेवला आहे. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा.

रोमन अक्षरांपेक्षा देवनागरीचा कारागीर अधिक अडचणीत असे, याचे कारण आपल्या लिपीची बांधणी. आपले अक्षर तीन मजल्यांचे आहे. मधल्या मजल्यावर शिरोरेषेपासून लोंबणारे मूळ अक्षर. वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, अर्धचंद्र. तळमजल्यावर उकार, ऋकार, हलन्त. ‘मूर्तींची’ हा एकच शब्द लिहून पाहा. खाली ऊकार, वर रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार, असे तिन्ही मजले भरून जातात. ‘महाराष्ट्र’ या आपल्या राज्याच्या नावातच ‘ष’, ‘ट’ आणि ‘र’ यांची गर्दी आहे. इंग्रजी अक्षरांत इतकी दाटी क्वचितच होते.

आता हे अक्षर कमी घनतेच्या पडद्यावर आणा. १६ डीपी उंचीच्या ओळीला १६० च्या पडद्यावर १६ ठिपके मिळतात. त्यांतून वरचा व खालचा मजला वजा केला, तर मधल्या मजल्याला दहाच्या आसपास ठिपक्यांच्या ओळी उरतात. तेवढ्यात ‘ष्ट्र’ बसवायचे! शिरोरेषेची हिशेबाने येणारी जाडी सव्वा ठिपका असेल, तर सव्वा ठिपका उजळता येत नाही. एक तरी उजळावा लागतो, नाहीतर दोन. एका बाजूस रेषा फिकी, तर दुसऱ्या बाजूस ठसठशीत. अनुस्वार एखाद्या ठिपक्यावर आला, की तो आहे की काच खराब आहे, हे वाचणाऱ्याने ओळखायचे. तेच अक्षर ४८० च्या पडद्यावर ४८ ठिपके उंच होते, आणि तेथे ‘ष्ट्र’ स्वच्छ उमटतो. म्हणजे अक्षराची कृती एकच असली, तरी स्वस्त पडद्यावर तिला सांभाळून घ्यावे लागते. छापखान्यातील कारागीर हाताने जे करी, तेच येथे अक्षररचनाकाराला सूचना लिहून करावे लागते.

या कामी मराठी माणसांनी मोलाची भर घातली आहे. कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी ‘मंगल’ हे देवनागरी अक्षरवळण सिद्ध केले, आणि मायक्रोसॉफ्टच्या विंडोजबरोबर ते घरोघरी पोहोचले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने ‘मुक्त’, ‘बालू’ अशी वळणे सर्वांना विनामूल्य वापरता येतील अशा रीतीने उपलब्ध करून दिली आहेत. तेव्हा चांगली अक्षरे नाहीत, ही सबब आता पुढे करता येणार नाही. पण अक्षर कितीही चांगले असले, तरी त्याला ज्या चौकटीत बसवायचे ती चौकटच इंग्रजी मापाची असेल, तर काय होते?

चाळिशी आणि चौकट

निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातील दोन ठिपके वेगळे ओळखता येतात. ३० सेंटिमीटरवर फोन धरला, तर हे अंतर मिलिमीटरच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाएवढे येते. म्हणजे इंचात सुमारे ३०० ठिपके. घनता याहून कितीही वाढवली, तरी डोळ्याला मिळणारा लाभ उत्तरोत्तर कमी होत जातो. अधिक घनता अक्षराला रेखीवपणा देते. आकार देत नाही. आणि वय वाढते तसा आपल्याला रेखीवपणा नव्हे, आकार लागतो. आपल्या भाषेने तर चष्म्यालाच ‘चाळिशी’ असे वयाचे नाव देऊन ठेवले आहे.

याची सोय फोनमध्ये आहे. अक्षरांसाठी डीपीऐवजी ‘एसपी’ हे माप वापरतात. ते डीपीसारखेच, पण वाचणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन अक्षराचा आकार वाढवला, की तेही त्या प्रमाणात वाढते. १६ एसपीचे अक्षर १.३ पट केले, की सुमारे २१ डीपीचे होते. २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ मध्ये ही वाढ २०० टक्क्यांपर्यंत नेता येते. याखेरीज सर्व पडदाच मोठा करून दाखवण्याची सोय असते. आपल्या तिसऱ्या फोनवर ती वापरून घनता ४८० ऐवजी ५४० धरावयास लावली, तर ३६० डीपीचा पडदा ३२० डीपीचा होतो. म्हणजे महागडा मोठा फोनही आखणीच्या दृष्टीने त्या जुन्या चार इंची फोनइतकाच रुंद होऊन बसतो.

अडचण येते ती येथे. वाचणाऱ्याने अक्षर वाढवले, पण अ‍ॅप बांधणाऱ्याने चौकटीची उंची व रुंदी ठाम ठेवली असेल, तर वाढलेले अक्षर चौकटीत मावत नाही. इंग्रजी अक्षराची वर-खाली फारशी काटछाट होत नाही, म्हणून बांधणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. मराठीचा मात्र वरचा मजला किंवा तळमजला छाटला जातो. आणि आपल्या भाषेत वरच्या-खालच्या मजल्यांवर अर्थ राहतो. अनुस्वार गेला, की ‘खंत’चे ‘खत’ होते आणि ‘भांडे’चे ‘भाडे’. ऊकार छाटला, की ‘कूळ’चे ‘कळ’ होते. आणि कोकणात जमिनीच्या कागदावर कूळ या शब्दाने पिढ्यांचे हक्क ठरलेले आहेत, हे येथे कोणास सांगावयास नको.

रुंदीचेही असेच. इंग्रजीतील ‘सेव्ह’ हा चार अक्षरांचा शब्द. मराठीत त्याचे ‘जतन करा’ होते. ‘एडिट’चे ‘दुरुस्ती करा’ होते. चौकट इंग्रजी शब्दाच्या मापाने बेतलेली असेल, तर उरलेला मजकूर कापून तेथे तीन टिंबे ठेवली जातात. समजा, एका पडद्यावर दोन बटणे आहेत : ‘अर्ज सादर करा’ आणि ‘अर्ज रद्द करा’. अक्षर मोठे केलेल्या फोनवर दोन्ही बटणांवर ‘अर्ज…’ एवढेच उरते. आता दाबणाऱ्याने काय करावे? ज्याला लहान अक्षरे दिसत नाहीत, त्यानेच अक्षरे वाढवलेली असतात. म्हणजे ज्याला आधाराची सर्वांत अधिक गरज, त्याच्याच समोर हे कोडे येते. चुकीचे बटण दाबले गेले, तर पदरी बोल येतो तो त्याच्याच : ‘यांना मोबाईल वापरता येत नाही.’ पुढच्या वेळी तो माणूस स्वतः अर्ज भरत नाही. कोणाला तरी चार पैसे देऊन भरवून घेतो. आपला कागद आपण स्वतः वाचण्याचा त्याचा अधिकार अशा रीतीने, कोणी हिरावून न घेताच, हातचा जातो.

करण्यासारखे काय?

बांधणाऱ्यांसाठी नियम फार नाहीत. आकार ठिपक्यांत न देता डीपीत द्यावा आणि अक्षर एसपीत. ज्या चौकटीत मजकूर आहे, तिची उंची ठाम ठेवू नये. मजकूर वाढला, की तिने वाढावे. दोन बटणे शेजारी मावत नसतील, तर एकाखाली एक यावीत. मराठीच्या ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक अंतर ठेवावे. जाळ्यावरील मजकुराच्या सुलभतेसाठी २००८ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही अक्षर दुप्पट केले तरी मजकूर वा सोय हरपू नये, अशी कसोटी सांगितलेली आहे. आपल्या देशातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानेही माहिती-तंत्रज्ञानाची सुलभता ही कृपा नसून हक्क मानली आहे.

पण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी करण्यासारखे कामही यात पुष्कळ आहे. पडद्यावरील मराठी बहुतेक वेळा इंग्रजी शब्दाखाली मराठी शब्द ठेवून तयार झालेली असते. ‘अर्ज सादर करा’ आणि ‘अर्ज रद्द करा’ यांतील ‘अर्ज’ हा शब्द दोहोंत समान असल्याने काहीच सांगत नाही. वरच्या मथळ्यात ‘अर्ज’ आलेला असेल, तर बटणावर ‘सादर करा’ व ‘रद्द करा’ पुरे. फरक दाखवणारा शब्द आधी यावा, लहान असावा आणि बोलीतला असावा. ‘दुरुस्ती करा’ऐवजी ‘बदला’, ‘जतन करा’ऐवजी ‘ठेवा’ का चालू नये? ही निवड यंत्रज्ञाने करावयाची नाही. ती मराठीच्या विद्यार्थ्याने करावयाची आहे, आणि तीसुद्धा आपल्या आजीला वाचून दाखवून.

एक छोटासा प्रयोग प्रत्येक वर्गात करता येईल. वर्गातील चार वेगवेगळे फोन घ्यावेत. एक जुना, एक स्वस्त, एक महाग आणि एक अक्षरे सर्वांत मोठी केलेला. चारही फोनांवर तेच सरकारी अ‍ॅप मराठीत उघडावे. बटणांची रुंदी फूटपट्टीने मोजावी. कोणता शब्द कापला गेला, कोठे अनुस्वार गेला, कोठे ऊकार गेला, कोणते बटण पडद्याबाहेर गेले, याची नोंद करावी. जिथे मजकूर टंकता येतो, तिथे ‘मूर्तींची’, ‘शेतकऱ्यांच्या’, ‘महाराष्ट्र’, ‘कुटुंबप्रमुख’ हे चार शब्द लिहून पाहावेत. अक्षराची परीक्षा तेवढ्यात होते. अशी नोंद, पडद्याच्या छबीसह, संबंधित विभागाकडे मराठीत पाठवावी. तक्रारीपेक्षा तिचे मोल अधिक, कारण तीत चूक कोठे व कोणत्या फोनवर होते हे नेमके सांगितलेले असते. आणि बांधणाऱ्याला तेवढेच हवे असते.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठी ही महाराष्ट्राच्या कारभाराची भाषा झाली. त्या वेळी कारभार कागदावर चालत होता, आणि कागदावर ऊकाराला जागा कमी पडत नव्हती. आज तोच कारभार काचेवर आला आहे. कायद्याने मराठीला दिलेली जागा त्या काचेवरही पुरी मिळावी, एवढी तजवीज यंत्रज्ञ व भाषेचे अभ्यासक यांनी मिळून करावयाची आहे. मोजमापाचे गणित अवघड नाही, हे वर पाहिलेच. फोन, फूटपट्टी आणि मराठीची जाण या तिन्ही गोष्टी आपल्या महाविद्यालयात आहेत. येत्या सत्रात कामाला सुरुवात करण्यास हरकत नसावी.